झोपाळ्यावरची पेट्रोल टाकी

टाकीचं झाकण हिच्या मुठीत होतं, आणि ही पंपावरच्या जमनाबेनशी कंटोलीच्या भाजीवर बोलत होती. ही म्हणजे माझी बायको, इंदू. माझी मोटारसायकल जुनी. झाकणाला चावी लावून फिरवली की अख्खं झाकण हातात येतं. मग मी न बघता मागे हात करायचा आणि हिने झाकण घ्यायचं. कितीतरी वर्षं असंच चालत आलं होतं. झाकण खाली ठेवायला जागा शोधावी लागते हे मला माहीतच नव्हतं.

"काका, केटलुं?" जमनाबेनने विचारलं.

"फुल करा हो एकदा," ही म्हणाली. "दर दोन दिवसांनी काय इथे उभं राहायचं."

"दोन लिटर," मी म्हणालो. "फुल टाकी म्हणजे चोराची सोय. नळी घालून काढून नेतात."

"मेकॅनिकच्या दारातून कोण नेईल? चोराची गाडीपण तुमच्याकडेच येते ना दुरुस्तीला."

जमनाबेन एवढी हसली की पाइप हलला आणि दोन थेंब टाकीवर सांडले. हिने ते पदराने पुसले. मी ओरडलो, पदराला वास मारेल म्हणून. दोनच लिटर टाकलं. खानवेलच्या रस्त्याला सागाखाली बायका कंटोली घेऊन बसतात, त्यांच्याकडून वाटाभर घेतली आणि घरी आलो. भाजीत मीठ जास्त झालं. ते मी बोलून दाखवलं. मी बोलायचं ठेवत नाही कधी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बसल्या जागी गेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

गाडी पोर्चमध्ये लावली होती, ती तिथेच राहिली. चौदा महिने.

मी चौथी शिकलेला माणूस. अमळनेरकडून सिल्वासाला आलो तेव्हा इथे एकामागून एक कंपन्या निघत होत्या. गावाकडची पोरं यार्नच्या कंपनीत लागली. मला मशीनच्या आवाजात झोप यायची, म्हणून मी किलवणी नाक्यावर टू-व्हीलरचं गॅरेज टाकलं. कंपनीवाल्यांच्या गाड्या दुरुस्त करण्यात जन्म गेला. ही गेल्यावर गॅरेज बंद केलं. गिऱ्हाइकांना मी एकच गोष्ट ऐकवायचो. "गाडी चालवा नाहीतर विका. उभी ठेवू नका. उभी गाडी आतून सडते." खुर्चीवर बसून दुसऱ्याला सांगणं सोपं असतं.

माझा मुलगा संजय प्लॅस्टिकच्या कंपनीत सुपरवायझर आहे. मला नाना म्हणतो. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "नाना, दसऱ्याला नवीन स्कूटर येतेय. इलेक्ट्रिक."

"आण की."

"लावायची कुठे? पोर्चमध्ये तुमची गाडी आहे."

"सरकवून लाव."

"नाना, गाडी चालवा नाहीतर विका, असं कोण म्हणायचं? दसऱ्यापर्यंत चालू करा. चालू गाडीला मी जागा करतो. बंद असेल तर भंगारवाल्याला फोन लावतो."

माझंच वाक्य माझ्या डोक्यात मारलं त्याने. दसऱ्याला अकरा दिवस होते. मी उठलो आणि टूलबॉक्स शोधायला लागलो. सून मनीषा म्हणाली, "तुमचा टूलबॉक्स कांद्याच्या टोपलीखाली आहे." आमच्या घरात त्याची काय किंमत राहिली होती ते तेव्हा कळलं.

टाकी काढणं दहा मिनिटांचं काम. सीट काढायची, मागचा बोल्ट काढायचा, पेट्रोल कॉक बंद करून पाइप ओढायचा. कॉक म्हणजे टाकीच्या बुडाशी असलेला पेट्रोलचा नळ. टाकी उचलली तर खाली इंजिनवर तपकिरी डाग, म्हणजे टाकी कुठेतरी झिरपली होती. झाकण उघडून टॉर्च मारली. आत सगळं लाल. टाकी हलवली तर वाळूसारखा आवाज. उरलंसुरलं पेट्रोल बाटलीत काढलं, ते चहाच्या रंगाचं झालं होतं आणि त्याला जुन्या वार्निशचा वास येत होता.

असं का होतं, ते सांगतो. फुल टाकीत हवेला जागा नसते. अर्ध्या टाकीत असते. हवेतला ओलावा वरच्या पत्र्याला लागतो आणि पत्रा गंजतो. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते बुडाला जाऊन बसतं आणि बुडाचा पत्रा खातं. म्हणजे दोन लिटर पेट्रोल टाकून चौदा महिने गाडी उभी करणं म्हणजे गंजाला जेवायला बोलावणं. हे मला तीस वर्षांपासून पाठ आहे. ही फुल म्हणत होती.

संजयने मोबाइल पुढे केला. "ही बघा. नवी टाकी. दोन दिवसांत घरपोच."

"नको."

"का?"

"नको म्हटलं ना."

"गिऱ्हाइकाची टाकी सडली की तुम्ही काय सांगायचे? नवी घाला."

"गिऱ्हाइकाची वेगळी."

"वेगळी कशी?"

मी सांगितलं नाही. इथे सांगतो.

दर दसऱ्याला ही गाडीची पूजा करायची आणि झाकणाच्या पुढे कुंकवाचं स्वस्तिक काढायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडकं मारायचो की ते गायब. मेकॅनिकच्या हाताला फडक्याची सवय. दरवर्षी भांडण. एका दसऱ्याला ती मनीषाची नेलपॉलिशची बाटली घेऊन आली आणि माझ्या काळ्या टाकीवर लालभडक स्वस्तिक काढून मोकळी झाली. एक पाय जरा लांब झाला होता. मी डोक्याला हात लावला. "अगं, पेंट खराब केलास! हे आता थिनरशिवाय निघणार नाही."

"तेच तर पाहिजे," ती म्हणाली.

ते स्वस्तिक नव्या टाकीवर येणार नव्हतं. बस, एवढंच. पण पासष्टी ओलांडलेल्या माणसाने मुलाला कसं सांगायचं, की नेलपॉलिशसाठी एवढं चाललंय?

टाकीला भोक पडलं की बरेच जण ती वेल्डिंगवाल्याकडे नेतात. कधी नेऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ असते. ठिणगी पडली की बॉम्ब. एका गॅरेजचं छप्पर असं उडालेलं मी पाहिलंय. जाणकार माणूस टाकी नीट धुऊन, पाणी भरून झाळतो, पण त्या उष्णतेने वरचा पेंट जळतो. म्हणजे माझं स्वस्तिक जळणार. राहिला एकच रस्ता. आतून गंज काढायचा आणि आतूनच सीलरचं अस्तर द्यायचं. सीलर म्हणजे दोन बाटल्यांतली औषधं एकत्र करून होणारी घट्ट पेस्ट. ती आत फिरवली की वाळून कातडीसारखी बसते आणि बारीक भोकं बुजवते. मी जन्मात केलं नव्हतं. गॅरेजमध्ये एवढा वेळ कोणाला असतो?

पहिलं काम, टाकी साबणाच्या पाण्याने धुऊन सुटा गंज पाडणं. त्यासाठी टाकीत नट टाकायचे आणि हलवत राहायचं. नट मोजून टाकायचे, म्हणजे मोजून काढता येतात. मी तीस टाकले, तोंड बंद केलं आणि हलवायला लागलो. पाच मिनिटांत खांदा बोलायला लागला. पोर्चमध्ये आमचा झोपाळा आहे. इथल्या प्रत्येक घरात असतो, गुजरातची हवा. मी टाकी हिच्या जुन्या गोधडीत गुंडाळली, वरून पेंटला ओरखडा नको म्हणून. झोपाळ्याला दोरीने बांधली आणि शेजारी खुर्ची टाकून पायाने झोका द्यायला लागलो. खडखड, खडखड.

शेजारच्या हंसाबेन फाटकाशी थांबल्या. "काका, आ शुं? पाळण्यात कोण?"

"टाकी आहे."

"टाकी?" त्यांनी गोधडी बघितली, मला बघितलं, आणि मनीषाला हाक मारली. "मनीषा, काका ठीक छे ने?"

"ठीक आहेत," मनीषा आतून ओरडली. "बारशाला या!"

तासाभराने मनीषाच बाहेर आली. "उठा नाना, मी देते झोके. तुमचे गुडघे संध्याकाळी मला ऐकावे लागतात." ती मोबाइल बघत झोके देत होती आणि मी दर अर्ध्या तासाने टाकी उलटी बांधत होतो. दोन दिवस आमच्या दारात ही खडखड चालली. संजय कंपनीतून आला की कानात बोटं घालून आत जायचा. शेवटी पाणी ओतलं तर विटेच्या भुकटीसारखा गाळ निघाला. नट मोजले. एकोणतीस. तिसाव्या नटाने अर्धा दिवस खाल्ला. तो कोपऱ्यात अडकला होता. चुंबक दोरीला बांधून विहिरीतली बादली काढतात तसा काढला.

मग ॲसिड. घाबरू नका, संडासात टाकतात ते नाही. ते कधी टाकू नका, ते गंजाबरोबर चांगला पत्रापण खातं. मी इंडस्ट्रियल एरियातल्या केमिकलच्या दुकानातून फॉस्फोरिक आणलं. ते गंज खातं, पत्र्याला फारसं छळत नाही. कॉकच्या भोकाला रबरी बूच मारलं. झाकणाच्या जागी रबराची शीट लावून क्लॅम्पने आवळली. स्वस्तिकावर ग्रीस फासलं आणि वर चिकटपट्टी मारली. हातात मोजे, डोळ्याला चष्मा, काम उघड्यावर.

मनीषाने विचारलं, "नाना, पट्टी कशाला तिथे?"

"पेंट खराब होतो."

"मग बाकीच्या पेंटला का नाही लावली?"

पोरगी हुशार आहे. मी म्हणालो, "तू भात बघ, करपेल." भात झालाच नव्हता अजून.

पहिल्याच रात्री ॲसिडने तीन भोकं उघडी केली, टाचणीच्या टोकाएवढी, बुडाच्या जोडावर. भोकं आधीच होती, गंजाने बुजलेली होती. सकाळी पोर्चच्या टाइल्सवर तीन पांढरे डाग. मनीषाने ते डाग बघितले आणि मला खायच्या सोड्याचं पाकीट आणून दिलं. सोडा लागतच होता. ॲसिड मारायला तोच लागतो. बाहेरून चिकटपट्टी लावून भोकं बंद केली, आणखी एक दिवस ॲसिड ठेवलं, मग सोड्याच्या पाण्याने आणि साध्या पाण्याने खळखळून धुतलं. टॉर्च मारली. आत पत्रा करडा, स्वच्छ. माझाच चेहरा दिसतो की काय असं वाटलं. मी खुशीत स्वस्तिकावरची पट्टी काढली, ग्रीस पुसलं. जसंच्या तसं होतं. लांब पायासकट.

आणि इथे माझी चूक झाली.

धुतलेला पत्रा उघडा असतो. पाणी राहिलं तर अर्ध्या तासात परत लाल होतो. म्हणून धुतल्याबरोबर आत थिनर फिरवायचं. ते पाणी घेऊन उडून जातं आणि टाकी कोरडी होते. मग लगेच सीलर. मला घाई होती. क्लॅम्प आवळत बसलो नाही. टाकीचं स्वतःचं झाकण लावलं, चावी फिरवली आणि टाकी उलटीपालटी करायला लागलो. गाडीच्या झाकणाला बारीक छिद्र असतं. पेट्रोल संपत जातं तशी आत हवा जावी म्हणून. हे शाळेतल्या पोराला सांगतो मी. त्या छिद्रातून थिनर बाहेर येत होतं.

"नाना! सरळ करा! टाकी सरळ करा!" मनीषा धावत आली. "स्वस्तिक चाललं!"

मी सरळ केली. एक आख्खी रेघ गेली होती. लांब पायाची. थिनरचा लाल ओघळ टाकीवरून खाली आला होता. मी हातातलं फडकं पुढे केलं. तिने माझा हात धरला. "पुसू नका! राहिलेलं पण जाईल. वाळू द्या."

"थिनरशिवाय निघणार नाही, असं मीच म्हणालो होतो," मी म्हणालो.

"हे आईंनी काढलेलं ना? म्हणून नवी टाकी नको होती?"

मी मान हलवली.

"मग सांगायचं ना नाना. आम्ही नेलपॉलिश कशाने काढतो? याच्याच धाकट्या भावाने. मी तुम्हाला हात लावू दिला नसता."

बसून राहावंसं वाटत होतं. पण टाकी आतून उघडी होती. गंज कोणासाठी थांबत नाही, कोणाच्या बायकोसाठी पण नाही. मी म्हणालो, "बाटल्या दे. सीलर आत्ता घालावं लागेल." तिने बाटल्या दिल्या. मापाने मिसळलं, काडीने ढवळलं, टाकीत ओतलं. या वेळी रबराची शीट, क्लॅम्प, आणि स्वस्तिकाच्या बाजूला मनीषाची बोटं, काही गळलं तर आधी तिला कळावं म्हणून. टाकी हळूहळू फिरवायची. थोडा वेळ या कुशीवर, थोडा वेळ त्या. प्रत्येक कोपऱ्याला अस्तर लागलं पाहिजे. मग उरलेलं ओतून टाकायचं, आणि कॉकच्या भोकात फुंकर मारायची, नाहीतर तेही बुजतं. तासभर आम्ही दोघं पोराला न्हाऊ घालताना धरतात तशी टाकी धरून बसलो होतो.

काम झाल्यावर टाकी उन्हात ठेवली. मी झोपाळ्यावर बसलो. मनीषा चहा घेऊन आली.

"आईंनी माझ्याच बाटलीतलं लावलं होतं. बाटली आहे अजून, घट्ट झालीये. पातळ करून गेलेली रेघ काढू?"

"नको. तू काढलेलं तुझं होईल."

बोलून गेलो. दुसरी सून असती तर कप आपटून गेली असती. ती म्हणाली, "थोडं माझं होऊ द्या की. झोके मी पण दिलेत."

मी चहा प्यायलो.

चार दिवस टाकी वाळली. तेवढ्या वेळात कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, चेनला तेल दिलं. हे माझं रोजचं काम, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी टाकीत संजयने बाटलीत आणलेलं लिटरभर पेट्रोल घालून ती कोऱ्या पेपरवर ठेवली. दर तासाला जाऊन पेपर बघत होतो. संजय म्हणाला, "नाना, परीक्षेचा रिझल्ट आहे का?" सकाळी पेपर कोरडा. एक डाग नाही. मी तो पेपर त्याच्या ताटाशेजारी ठेवला. तो म्हणाला, "बरं. जागा करतो."

गाडी चौथ्या किकला सुरू झाली. पहिल्यांदा ढगासारखा धूर, मग ठकठक, मग आपली जुनी लय. हंसाबेन फाटकाशी येऊन म्हणाल्या, "लो, मुन्नो बोल्यो!"

दुपारी इलेक्ट्रिक स्कूटर आली. मी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. टाकी नाही, कॉक नाही, कार्बोरेटर नाही. संजय म्हणाला, "बघा, गंजायला काही नाहीच." मी म्हणालो, "दुरुस्त करायलापण नाही. बिघडली की बोलायचं कोणाशी?" दोन्ही गाड्यांना झेंडूचे हार घातले. मनीषाने आधी नव्या गाडीवर कुंकू लावलं. मग माझ्या टाकीशी आली आणि माझ्याकडे बघत थांबली.

"लाव," मी म्हणालो.

तिने गेलेली रेघ कुंकवाने भरली. तीन बाजू नेलपॉलिश, एक बाजू कुंकू. पाय लांब काढायला ती विसरली नाही.

"हे टिकणार नाही," मी म्हणालो.

"नाही टिकलं तर नाही. दरवर्षी काढू."

धडा म्हणाल तर एवढाच. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी फुल करून ठेवा. थिनर फिरवताना गाडीचं झाकण लावू नका. आणि टाकी का नको बदलायला, ते घरच्यांना आधी सांगा, मदत वेळेवर मिळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं घेतलं आणि गाडी पुसली, तेवढी एक वीत जागा सोडून. मग पंपावर गेलो. जमनाबेन होती. ही गेली तेव्हा ती घरी येऊन गेली होती, त्यानंतर आजच भेटत होतो. "आवो काका!" ती म्हणाली. मी चावी फिरवली, झाकण काढलं आणि न बघता मागे हात केला.

हात तसाच राहिला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न मारला.

जमनाबेनने पुढे होऊन झाकण घेतलं आणि डाव्या मुठीत धरलं. उजव्या हाताने पाइप लावला.

"केटलुं, काका? बे लिटर?"

"फुल."

"फुल?"

"इंदूने सांगितलंय."

तिने फुल केली. तिथून मी खानवेलच्या रस्त्याला गेलो. कंटोलीचे दिवस संपत आले होते, पण एका म्हातारीकडे शेवटचा वाटा होता. घरी येऊन भाजी मीच केली. मीठ जास्त झालं. मनीषाने दोनदा घेतली आणि काही बोलली नाही.